हौद्यावर झाकण की टप?

झाकणवाला : पिकअप घ्यायची आणि तिच्या हौद्यावर कायमचं छप्पर, म्हणजे टप, चढवायचं, हे मला मुळातच पटत नाही. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. तोवर शेतकरी आणि सुतार गाडीचा मागचा भाग काढून तिथे स्वतःच लाकडी पेटी ठोकत होते. त्यांना हवा होता तो उघडा हौदा. वरून काही आड येत नाही म्हणून त्यात ओंडके, माती, कपाट, झाडाची कुंडी, काहीही टाकता येतं. शंभर वर्षांत केबिन दोन माणसांची होती ती पाच माणसांची झाली, पण हौदा उघडाच राहिला तो यामुळेच. आता उघड्या हौद्यात पाऊस पडतो, आणि गाडी दुकानाबाहेर लावली की जाणारा-येणारा हात घालून सामान उचलू शकतो, हे मला मान्य आहे. पण तेवढ्याला कडक झाकण पुरतं. ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या तीन-चार फळ्यांचं घडीचं झाकण हौद्याच्या कठड्यांवर सपाट बसतं. मागचा फाळका लावून कुलूप घातलं की आत काय आहे ते दिसत नाही आणि हातही जात नाही. उंच सामान आलं तर खिट्ट्या ओढायच्या आणि फळ्या दुमडून केबिनच्या पाठीशी लावायच्या. मिनिटभराचं काम. टप चढवला की ही मोकळीक गेली. मग पिकअप घेतलीच कशाला? सरळ एसयूव्ही घ्यावी.

टपवाला : तू हौदा म्हणतोस, पण झाकण लावल्यावर तुझ्याकडे उरतो तो एक खण. टेप घेऊन मोज. पूर्ण आकाराच्या पिकअपचा हौदा साधारण २१ इंच खोल असतो. झाकणाखाली जे ठेवायचं ते त्या २१ इंचांत मावलं पाहिजे. सायकल आडवी घालावी लागते आणि मुलीच्या वसतिगृहातला कमरेएवढा फ्रिज उभा राहत नाही. फळ्या दुमडल्या की तो मावतो खरा, पण मग तो उघड्यावर आला. ज्या पावसासाठी आणि ज्या चोरासाठी तू झाकण घेतलंस ते दोघेही परत दारात उभे. म्हणजे झाकण ठेंगण्या सामानाची राखण करतं. उंच सामानाला ते फक्त वाट करून देतं, राखण करू शकत नाही. केबिनच्या उंचीचा टप बसवला की आतली उंची जवळपास दुप्पट होते. आणि १९२५ ची साक्ष काढतोस तर आजची गाडीही बघ. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, पण आज तिचं गिऱ्हाईक फक्त शेतकरी आणि सुतार नाही. चार दारांची केबिन आणि साडेपाच फुटी हौदा ही आज घरोघरी दिसणारी रचना. केबिन वाढली तसा हौदा आखूड झाला. आखूड हौद्याची लांबी काही वाढवता येत नाही, उंची मात्र वाढवता येते. एसयूव्हीचं म्हणशील, तर चिखलाने बरबटलेले बूट, पेट्रोलचा कॅन आणि ओला कुत्रा माणसांबरोबर एकाच हवेत ठेवायचे नसतात. पिकअपमध्ये मध्ये केबिनची भिंत असते. मला ती भिंत हवी आहे आणि मागे कोरडी खोलीही हवी आहे.

झाकणवाला : मग त्या खोलीचं भाडंही मोज. चांगलं घडीचं कडक झाकण हजार-बाराशे डॉलरच्या आसपास मिळतं. कॅनिस्टरमध्ये सरकत जाणारं ॲल्युमिनियमचं घेतलंस तर दीड ते अडीच हजार. गाडीच्या रंगाशी जुळवलेला फायबरग्लासचा टप तीन-चार हजारांत जातो, आणि बाजूला उघडणाऱ्या खिडक्या, आतलं अस्तर, वरचा रॅक असं घेत गेलास तर आणखी पुढे. शिवाय तो त्याच गाडीचा, त्याच पिढीचा, त्याच लांबीच्या हौद्याचा. गाडी बदललीस की तो नव्या गाडीला बहुधा बसणार नाही. पण पैशापेक्षा मला अडचण वाटते ती काढ-घालीची. टपाचं वजन दीडशे ते सव्वादोनशे पौंड. क्लॅम्प सैल करणं, ब्रेकच्या दिव्याची तार सोडवणं हे एकट्याला जमतं, पण उचलायला तीन-चार जण लागतात, आणि उचललेला टप ठेवायला गॅरेजात जागा लागते. टाउनहाउसमध्ये राहणाऱ्याने तो ठेवायचा कुठे? म्हणून एकदा चढवला की लोक तो उतरवतच नाहीत. आता वसंत ऋतूतला एक शनिवार घे. बागेत पसरायला मल्च आणायला गेलास. दुकानाच्या अंगणात लोडरवाला एक घनयार्ड मल्च बादलीत उचलून सरळ वरून हौद्यात ओततो. टप असला तर तो ओतणार कुठे? तुला पिशव्या विकत घ्याव्या लागतात, किंवा फावड्याने फाळक्यातून आत भरावं लागतं आणि घरी येऊन ओणव्याने आत शिरून उपसावं लागतं. फिफ्थ-व्हीलचा मोठा ट्रेलर ओढायचा असेल तर त्याचा हुक हौद्याच्या मधोमध असतो, तिथे टप चालतच नाही. या गोष्टी रोज होत नाहीत, पण होतात तेव्हा आधी कळवून होत नाहीत. शेजारी म्हणतो, जरा कपाट आणायचंय, येतोस का? झाकणवाला लगेच हो म्हणतो. टपवाल्याला आधी उंची विचारावी लागते.

टपवाला : मल्चचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याची माती, खडी, मल्च, लाकूड यांची ने-आण नेहमीची आहे त्याने टपाच्या वाटेला जाऊ नये. पण वर्षातून एकदा येणाऱ्या फ्रिजसाठी किंवा कपाटासाठी हौदा उरलेलं वर्षभर मोकळा ठेवायचा, हा हिशेब मला उलटा वाटतो. ते कपाट दुकानदार घरपोच देतो, नाहीतर दिवसभरासाठी ट्रेलर भाड्याने मिळतो. आणि ‘मिनिटभराचं काम’ हेही नीट तपास. घडीच्या झाकणाच्या सगळ्या फळ्या उभ्या केल्या की काही नमुन्यांत केबिनची मागची काच पूर्ण झाकली जाते. सरकत्या झाकणाचं कॅनिस्टर केबिनच्या बाजूने हौद्यातली जवळपास फूटभर जागा कायमची खातं, म्हणजे साडेपाच फुटांतून फूट गेला. एकसंध फायबरग्लासचं झाकण दिसायला सर्वात सुंदर, पण उंच सामानासाठी ते उचलून बाजूला ठेवायलाही दोन माणसं लागतात. मग माझ्या टपात आणि त्याच्यात फरक काय राहिला?

आता पाण्याकडे ये. झाकण पाणी पूर्ण अडवतं असं तू गृहीत धरलंस. बनवणारे स्वतः तसं म्हणत नाहीत, पाणी बऱ्यापैकी रोखतं एवढंच म्हणतात. सपाट झाकणावर पडलेलं पाणी फळ्यांच्या सांध्यांतून आणि कडांवरून खाली येतं, बाजूच्या पन्हाळींत जमतं आणि केबिनकडच्या दोन कोपऱ्यांतून बोटाएवढ्या रबरी नळ्यांमधून हौद्याखाली निघून जातं. ती नळी हे त्या सगळ्या व्यवस्थेचं मर्म आहे. पाइनच्या झाडाखाली गाडी आठवडाभर उभी राहिली की सुया पन्हाळीत पडतात, नळीच्या तोंडाशी गोळा होतात, आणि पुढच्या पावसात पाणी पन्हाळ भरून आत सांडतं. मिशिगन-मिनेसोटाकडे तेच पाणी रात्री गोठतं आणि सकाळी झाकण सरकतही नाही. नळ्या वर्षातून दोनदा तारेने साफ करणारा झाकणवाला सुखी असतो, पण किती जण करतात? टपाचा माथा गोलसर असतो, पाणी त्यावर थांबत नाही, आणि टपाची कड हौद्याच्या कठड्यावर फोमच्या पट्टीवर बसते.

झाकणवाला : नळ्यांचं खरं आहे, पण ते मेंटेनन्सचं दुखणं झालं. टपालाही पट्टी बदलावी लागते, मागच्या काचेचे गॅसचे दांडे काही वर्षांनी मऊ पडतात आणि काच डोक्यावर येते. टप आणि फाळका यांच्यातला सांधा टपवाल्यांनाही छळतो. ते सोड. मला सांग, टप घेणाऱ्यांच्या मनात सामान असतं की प्रवास? बहुतेकांच्या मनात युटा किंवा कोलोरॅडोतली रात्र असते. सरकारी मोकळ्या जमिनीवर, बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या) हद्दीत, बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. मागे गादी टाकायची आणि तारे बघत झोपायचं. चित्र सुंदर आहे, पण पुन्हा तुझीच टेप घेऊन मोजू. साडेपाच फुटी हौदा आतून ६७ इंच भरतो. पाच फूट आठ इंचांचा माणूस त्यात सरळ झोपत नाही, तिरका झोपतो. मग बायको कुठे झोपणार? साडेसहा फुटी हौदा घेतला तर जमतं, पण तो घेणारे कमी. रात्री थंडी असली की दोघांच्या श्वासाची वाफ फायबरग्लासला आतून लागते आणि पहाटे थेंब अंगावर पडतात. म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे पुन्हा थंडी. जेवणाचं सामानही आत ठेवून निवांत झोपता येईल असं नाही. योसेमिटीसारख्या ठिकाणी अंधार पडल्यावर अन्न गाडीत ठेवायला मनाई आहे. अस्वल गाडीचं दार फोडतं, तिथे टपाची काच किती टिकणार? तंबूत झोपणाऱ्याला अशी सहल झाकणाखाली सामान ठेवूनही करता येते. लोक टप विकत घेतात तो आपण जसे होऊ असं त्यांना वाटतं त्या माणसासाठी. सोमवारी सकाळी ऑफिसला मात्र आहे तोच माणूस जातो, आणि मागे दोनशे पौंडांची रिकामी खोली घेऊन जातो.

टपवाला : हा तुझा सर्वात बळकट मुद्दा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. पहिली गोष्ट, टप घेणारे सगळे तारे बघणारे नसतात. प्लंबर, वायरमन, लग्नाचे फोटो काढणारे, कुत्र्यांना घेऊन हिंडणारे यांच्यासाठी टप हे रोजचं हत्यार आहे. बाजूच्या खिडक्या वर उचलल्या की अवजारांचे कप्पे थेट हाताशी येतात. झाकणवाल्याला हौद्याच्या पुढच्या टोकाला सरकलेला डबा काढायला फाळक्यावर गुडघे टेकून आत शिरावं लागतं. माझ्या टपाला बाजूच्या खिडक्या नसल्या तर तेच माझंही होतं, म्हणून मी म्हणतो की टप घ्यायचा तर रंगावर खर्च करण्याआधी खिडक्यांवर करावा.

दुसरी गोष्ट, ‘आपण जसे होऊ त्या माणसासाठी’ घेतलेली वस्तू नेहमी वाया जाते हे मला मान्य नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं म्हटलं की तंबू शोधणं, गॅरेजातली खोकी उपसणं, ती हौद्यात चढवणं आणि रात्री अकराला तिथे पोचून अंधारात खुंट्या ठोकणं, एवढं सगळं आडवं येतं. मुलं लहान असली तर घरातच बेत मोडतो. टपाखाली गादी, कंदील, शेगडी तयार असली की अर्ध्या तासात निघता येतं. सहल वाढते ती इच्छेने नाही, निघण्यातली कटकट कमी झाल्याने. आणि तुझा निकष सगळीकडे लाव. उपनगरातल्या माणसाने घेतलेली पिकअपच मुळात होऊ पाहणाऱ्या माणसासाठी घेतलेली असते. फोर व्हील ड्राइव्ह किती जणांना रोज लागतो? तिथे तू हा प्रश्न विचारत नाहीस. फक्त टपाला विचारतोस.

झाकणवाला : तिथेही विचारायला हवा, हे कबूल. पण कटकट कमी करायला तू जी खोली आत मांडलीस, तिने हौदा अडकून पडला हेही लक्षात घे. गादी, कप्पे, फळ्या एकदा ठोकल्या की सोमवारी त्याच हौद्यात भाजीचे क्रेटही मोकळेपणी जात नाहीत. पण मला यापेक्षा गंभीर गोष्ट बोलायची आहे. बंद टपाच्या गाडीतून कच्च्या रस्त्याने पन्नास मैल जा आणि फाळका उघड. आतल्या बाजूला फाळक्याच्या खालच्या फटीपासून वर पंख्यासारखी पसरलेली बारीक मातीची रेघ दिसेल, आणि पांघरुणांवर पावडर. गाडी पुढे जाते तसा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. मागची हवा वळून गाडीच्याच पाठीकडे येते आणि फाळक्याच्या फटींतून बंद खोलीत शिरते. आता विचार कर, एग्झॉस्टचा पाइप कुठे संपतो? तिथेच मागे. जी वाट धुळीला सापडते तीच धुराला सापडते, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी छापली. १९८६ ते १९९१ या काळात कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने त्यांच्याकडे आलेल्या ६८ मुलांपैकी २० मुलं पिकअपच्या मागे बसून प्रवास करत होती. त्या वीसपैकी १७ बंद कडक टपाखाली होती आणि तीन ताडपत्रीखाली. एक मूल दगावलं, एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या सगळ्या गाड्यांचा एग्झॉस्ट एकतर आधीपासून गळत होता, नाहीतर त्याचा पाइप बाजूला न निघता मागे निघत होता. टप खोलीसारखा दिसतो, त्याला खिडक्या असतात, आत गादी असते, म्हणून मुलं म्हणतात आम्ही मागे बसतो आणि आईबाप हो म्हणतात. माझ्या झाकणाखाली बसावंसं कुणाला वाटतच नाही. सुरक्षित वाटणारी पण सुरक्षित नसलेली जागा तयार करणं, हा टपाचा मला सर्वात मोठा दोष वाटतो.

टपवाला : यात वादाला जागाच नाही. चालत्या गाडीत टपाखाली माणूस बसता कामा नये, लांबच्या प्रवासात कुत्राही नको, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून किंवा आत गॅसची शेगडी पेटवून झोपता कामा नये. अमेरिकेतल्या काही राज्यांत मागे बसायला कायद्याची आडकाठी नाही, पण कायद्याने चालतं म्हणून हवा बदलत नाही. मी फक्त एवढं म्हणेन, की वीसपैकी तीन मुलं ताडपत्रीखाली होती ती गोष्ट विसरू नये. दोष बंद जागेचा आहे. भारतात बोलेरो पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री बांधून माणसं नेतात, तिथेही हाच धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. धुळीवर उपाय आहे. फाळक्याच्या चारी कडांना रबरी पट्टी लावायची, कारण टपाबरोबर ती सहसा येत नाही. आणि टपाच्या पुढच्या बाजूला छोटा झरोका ठेवायचा, म्हणजे पुढून शिरलेली हवा आतला दाब वाढवते आणि मागची धूळ बाहेर राहते. धूळ त्याने कमी होते, पण त्या भरवशावर माणूस मागे बसवायचा नाही.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. केबिनच्या माथ्यावरचा ब्रेकचा तिसरा दिवा अमेरिकेत १९९४ सालच्या मॉडेलपासून हलक्या ट्रकनाही सक्तीचा आहे. टप चढला की तो झाकला जातो. चांगल्या टपाला स्वतःचा दिवा असतो, पण त्याची तार जोडलेली आहे ना हे बसवणाऱ्यासमोर ब्रेक दाबून बघावं. आणि टपामुळे मागचं दिसत नाही ही जुनी तक्रार आता अर्धीच खरी आहे. मे २०१८ पासून इथे विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा बंधनकारक आहे, आणि तो फाळक्यावर असल्याने टप त्याच्या आड येत नाही. मात्र तो रिव्हर्स घेताना उपयोगाचा. हायवेवर मान वळवून बघायची सवय असणाऱ्याला टपाच्या धुरकट काचा नडतात, हे मान्य.

झाकणवाला : तिसरी गोष्ट मी सांगतो, कारण ती कुणीच सांगत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, ते त्यावर लिहिलेलं असतं. मध्यम आकाराच्या चार दारांच्या पिकअपवर तो आकडा अकराशेच्या घरात असू शकतो. पाच मोठी माणसं धरली की आठशे पौंड गेले, आणि दोनशेचा टप म्हणजे हजार झाले. उरलेल्या शंभर पौंडांत पाच जणांचं सामान, पाणी आणि गादी बसवून दाखव. ट्रेलर ओढायचा असेल तर हुकावर येणारा त्याचा भारही यातच धरायचा. टपाच्या माथ्यावर रॅक लावून छोटी नाव बांधली की वजन आणखी वर, आणि वाऱ्यात गाडी डुलते. साठ-सत्तर पौंडांच्या झाकणाला हा हिशेब करावाच लागत नाही. झाकणाने पेट्रोल वाचतं म्हणणाऱ्यांवर मात्र मी विसंबत नाही. बंद फाळक्याच्या आत हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते, त्यामुळे झाकणाचा फायदा असला तरी थोडा. वेग कमी ठेवला आणि टायरमध्ये हवा पुरेशी भरली तर त्याहून जास्त वाचेल. तेवढ्यासाठी झाकण घ्यायचं कारण नाही.

टपवाला : वजनाचा हिशेब प्रत्येकाने करावा, आणि तो बसत नसेल तर टपाचा विचार सोडावा, हे मी मानतो. ॲल्युमिनियमचे हलके टप मिळतात, पण पाच माणसांच्या गाडीत तेही पुरत नाहीत. पुण्यात माझ्या भाच्याने हायलक्स घेतली. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली भारतात आल्यापासून हौशी लोकांच्या दारात अशा गाड्या दिसू लागल्या आहेत, आणि झाकण की टप हाच प्रश्न तो मला विचारतो. त्याला मी आधी कायदा सांगितला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते कलम कडकपणे वाचलं आहे. सपाट झाकणाने गाडीचं रूप फारसं बदलत नाही, पण टपाने गाडीची आकृतीच बदलते. म्हणून पैसे भरायच्या आधी आरटीओत विचार, विमा कंपनीला कळव आणि उत्तर लेखी घे, असं मी त्याला सांगितलं. इथे अमेरिकेतही कायद्याची तेवढी अडचण नसली, तरी नंतर बसवलेल्या वस्तू गाडीच्या विम्यात आपोआप पूर्ण धरल्या जात नाहीत. चार हजारांचा टप चोरीला गेला किंवा अपघातात फुटला तर पॉलिसीत तो लिहिलेला असावा.

झाकणवाला : भाच्याला तू टप घे म्हणालास की नको?

टपवाला : मी त्याला आता विचारणार आहे, दिवसातून किती वेळा हौद्याचा आकार बदलावा लागतो? हा प्रश्न मला तुझ्याशी बोलताना सुचला आहे. सकाळी अवजारं, दुपारी विटा, संध्याकाळी किराणा असं ज्याचं आयुष्य आहे त्याला झाकण हवं, कारण झाकण हौद्याचा आकार बदलायला लागणारा वेळ वाचवतं. ज्याच्या हौद्यात आठवडाभर तेच सामान असतं, फक्त ते २१ इंचांपेक्षा उंच असतं आणि कोरडं व कुलुपात राहायला हवं असतं, त्याला टप हवा. तू वेळ विकत घेतोस, मी जागा. दोन्ही एका किमतीत मिळत नाहीत.

झाकणवाला : इथवर मी तुझ्याबरोबर आहे. पण आपलं खरं दुमत आता उघड झालं. मी वस्तूची किंमत ती किती वेळा उपयोगी पडते यावर मोजतो. टपाखालची वर्षातली चार-पाच रात्रींची मजा मला उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या ओझ्यापुढे हलकी वाटते. तुझ्या तराजूत त्या चार-पाच रात्रीच जड पडतात.

टपवाला : पडतात. मुलं दहा वर्षांची असताना त्यांच्याबरोबर काढलेली रात्र आणि होम डेपो दुकानाची फेरी ही दोन मापं मी एका तराजूत घालू शकत नाही. तू म्हणशील तो हिशेब नाही. मीही म्हणतो की तो हिशेब नाही. पण हिशेबाबाहेरचं काहीच विकत घ्यायचं नसेल, तर आपल्यापैकी बहुतेकांनी पिकअप घ्यायलाच नको होती.

झाकणवाला : आणि हिशेब न करता घेतलेले टप अंगणात ठोकळ्यांवर ठेवलेले, गवतात बुडालेले किंवा अर्ध्या किमतीला विकायला काढलेले मी पाहिले आहेत. यावर आपलं एकमत होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. पण जो कुणी उद्या दुकानात जाणार आहे त्याला आपण दोघं मिळून काही गोष्टी सांगू शकतो. दोन महिने हौदा उघडा ठेवून गाडी चालव, आणि दर वेळी काय नेलंस, ते किती उंच होतं, भिजलं असतं तर किती नुकसान झालं असतं ते लिहून ठेव. दाराच्या चौकटीवरचा आकडा वाच आणि त्यातून घरच्या माणसांचं वजन वजा कर. टप घ्यायचं ठरलं तर आधी जुना शोध. तुझ्याच गाडीच्या वर्षाचा आणि लांबीचा मिळाला तर पैसे वाचतील आणि चूक झाली तरी ती स्वस्तात सुटेल. झाकण घ्यायचं ठरलं तर नळ्या साफ करायची सवय लाव.

टपवाला : आणि काहीही घेतलंस तरी, झाकण असो, टप असो की ताडपत्री, चालत्या गाडीच्या मागे मुलांना कधीही बसवू नकोस. त्यांच्यासाठी पुढे सीट आणि पट्टा आहे.